डोंगर कोणासाठी बंद करायचा?

रावेर तालुक्यात दोन प्रदेश एकमेकांना लागून आहेत. दक्षिणेला तापीकाठची काळी जमीन, नजर जाईल तिथवर केळी आणि भुसावळ-खंडवा लोहमार्गावरची निंभोरा, सावदा, रावेर ही स्थानकं, जिथून पिढ्यान्‌पिढ्या खान्देशची केळी उत्तर भारतात जात आली. उत्तरेला सातपुडा. सावद्याहून खिरोद्याच्या दिशेने निघालं की थोड्या वेळात केळीच्या बागा मागे पडतात, रस्ता घाटाला लागतो आणि साग, सालई, अंजन, तेंदू यांचं रान सुरू होतं. घाट ओलांडला की पाल. जळगाव जिल्ह्यातल्या लोकांना थंड हवेचं ठिकाण म्हटलं की पहिल्यांदा हेच नाव आठवतं. इथे वन विभागाचं प्रशिक्षण केंद्र आहे, जवळ गारबर्डीला सुकी नदीवरचं धरण आहे, आणि भोवताली १९६९ साली जाहीर झालेलं, सुमारे १७७ चौरस किलोमीटरचं यावल अभयारण्य पसरलं आहे. पावरा, बारेला, तडवी, कोरकू अशा समाजांचे पाडे या डोंगरांत विखुरलेले आहेत. पावसाळ्यात धरण भरून सांडवा वाहू लागला की भुसावळ, फैजपूर, जळगाव आणि सीमेपलीकडच्या बुऱ्हाणपूरहून गाड्या या घाटाकडे वळतात.

मार्च २०२० मध्ये हा ओघ एकदम थांबला. त्या वर्षी होळी ९ मार्चला होती. सातपुड्यातला भोंगऱ्या बाजार होळीच्या आधीच्या आठवड्यात भरतो, त्यामुळे तो नेहमीसारखा ढोल-बासरीच्या गजरात पार पडला होता. होळीच्याच दिवशी पुण्यात राज्यातले पहिले कोरोना रुग्ण सापडले. १३ मार्चला महाराष्ट्र सरकारने साथरोग प्रतिबंधक कायदा लागू केला. पुढच्या काही दिवसांत अभयारण्यं, उद्यानं, पर्यटनस्थळं आणि मंदिरं बंद होत गेली आणि २५ मार्चपासून सारा देशच थांबला. जळगाव शहरात पहिला रुग्ण आढळला तो २८ मार्चला. म्हणजे जिल्ह्यात रोग दिसण्याआधीच डोंगराची वाट बंद झाली होती.

हा निर्णय अनेकांना तेव्हा पटला नाही आणि काहींना आजही पटत नाही. रोग पसरतो बंद खोलीत, दाटीवाटीत. मग मोकळं रान, वाहता वारा आणि उन्हाचा डोंगर का बंद करायचा? हा प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचं उत्तर नीट शोधायला हवं. ते न शोधता बंद ठेवलेला डोंगर लोकांना जुलूम वाटतो आणि लोक चोरवाटेने आत शिरतात.

आपल्याकडे साथ आणि डोंगर यांचं नातं मुळात उलट होतं. डोंगर ही औषधाची जागा मानली जाई. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने १८२८-२९ च्या सुमारास महाबळेश्वर वसवायला घेतलं ते आजारी गोऱ्या सैनिकांना आणि अधिकाऱ्यांना हवापालट मिळावा म्हणून. १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट माथेरानच्या पठारावर चढला आणि तिथेही आरोग्यधाम उभं राहिलं. पाचगणीला १९१२ मध्ये डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी क्षयरोग्यांसाठी बेल-एअर हे आरोग्यधाम काढलं. स्ट्रेप्टोमायसिन यायला तेव्हा अजून तीसएक वर्षं अवकाश होता. तोवर मोकळी हवा, विश्रांती आणि सकस अन्न एवढाच क्षयावरचा इलाज होता.

खान्देशाला मात्र असं मोठं आरोग्यधाम लाभलं नाही, आणि त्याचं कारणही आरोग्याचंच होतं. सातपुड्याच्या पायथ्याला हिवतापाचा मोठा जोर असे. पावसाळ्यानंतरचे महिने तर तिथे राहणं बाहेरच्या माणसाला जिवावरचं वाटे. ज्यांची घरंच तिथे होती त्यांनी तो ताप पिढ्यान्‌पिढ्या सोसला. ही गोष्ट ध्यानात ठेवायला हवी, कारण डोंगर आरोग्यदायी असतो हा समज पाहुण्यांचा आहे. डोंगरात राहणाऱ्याला दवाखाना किती लांब आहे, हे पाहुण्याच्या हिशेबात सहसा येत नाही.

प्लेगच्या काळातही लोक मोकळ्या जागेकडेच धावले. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग ओळखला गेला आणि पुढच्या फेब्रुवारीत ब्रिटिश सरकारने साथरोगाचा तो प्रसिद्ध कायदा केला. अवघ्या चार कलमांचा हा कायदा सव्वाशे वर्षांनी आपल्याला पुन्हा वापरावा लागला. त्याच्या आधाराने रेल्वे प्रवाशांची तपासणी झाली, घरं उघडून पाहिली गेली, जत्रांवर निर्बंध आले, मुंबईहून निघणारी हजयात्राही १८९७ मध्ये थांबवली गेली. पण गावात उंदीर पडू लागले की गावकरी घरं सोडून शेतात, माळावर झोपड्या घालून राहत. हा शहाणपणा अनुभवातून आलेला होता. प्लेगचा जंतू उंदरावरच्या पिसवांबरोबर घरात असे, म्हणून घर सोडणं हाच बचाव ठरे. कोरोनाचा विषाणू माणसाच्या श्वासाबरोबर फिरतो. माणूस जिथे जाईल तिथे तो रोग घेऊन जातो. प्लेगमध्ये रान वाचवत असे, कोरोनात रानातल्या गावाला आलेल्या माणसापासून वाचवावं लागत होतं.

तरीही उघड्यावरचा धोका किती, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. तो फार कमी होता. साथीच्या पहिल्या महिन्यांत चीनमधल्या संशोधकांनी तिथल्या ३२० शहरांमधल्या सात हजारांहून अधिक रुग्णांची माहिती तपासली. तीन किंवा अधिक रुग्ण एकत्र सापडलेले ३१८ उद्रेक त्यांनी पाहिले आणि ते सगळे घरात, गाडीत, उपाहारगृहात, कुठल्या ना कुठल्या बंदिस्त जागी घडलेले निघाले. उघड्यावर एकाने दुसऱ्याला रोग दिल्याचं एकच उदाहरण त्यांना मिळालं. श्वासातून बाहेर पडलेले बारीक थेंब मोकळ्या हवेत विरळ होतात, वारा त्यांना पांगवतो. पालच्या जंगलवाटेवर दोन माणसं दहा हात अंतर ठेवून चालली तर त्यांच्यात रोग पसरण्याचं कारण जवळजवळ नव्हतं.

पण डोंगरावर जाणारा माणूस फक्त वाट चालतो का?

युरोपातल्या आल्प्स पर्वतात, ऑस्ट्रियाच्या तिरोल प्रांतात, इश्गल नावाचं बर्फावर घसरण्याच्या खेळासाठी नावाजलेलं गाव आहे. दिवसभर पाहुणे उघड्या बर्फाच्या उतारांवर असतात. संध्याकाळी मात्र ते खालच्या छोट्या, गच्च भरलेल्या मद्यालयांत जमतात, गातात, नाचतात. मार्च २०२० च्या सुरुवातीला आइसलँडच्या आरोग्य खात्याला दिसलं की सुट्टी घालवून परतलेले त्यांचे बरेच नागरिक या एकाच गावातून रोग घेऊन आले आहेत. ५ मार्चला त्यांनी इश्गल धोक्याच्या ठिकाणांच्या यादीत टाकलं. ऑस्ट्रियाने ती दरी बंद केली १३ मार्चला. मधल्या आठवड्यात पाहुणे येत-जात राहिले आणि अनेक देशांतल्या पहिल्या रुग्णांचा माग पुढे या गावापर्यंत पोहोचला. बर्फाच्या उतारावर कोणाला काही झालं नव्हतं. रोग पसरला होता तो उतारावरून खाली आल्यावर.

आपल्या खान्देशात मद्यालयाच्या जागी पंगत असते. यावल तालुक्यात आडगावजवळ सातपुड्याच्या कुशीत मनुदेवीचं ठाणं आहे. भोवती उंच कडे, पावसाळ्यात मागून कोसळणारा धबधबा. इथे येणारं कुटुंब दोघा-चौघांचं नसतं. नवस फेडायचा असतो, म्हणून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत वीस-पंचवीस माणसं दाटीने बसतात. म्हाताऱ्या मधे, पोरं मांडीवर, गंज-पातेली आणि गोवऱ्यांची पोती पायाशी. वाटेत एकदा चहाला थांबायचं. पोहोचल्यावर नारळ-ओटीच्या दुकानात गर्दी, चपला काढायला गर्दी, पाण्याच्या नळावर हंडे लावायला गर्दी. गाभाऱ्यासमोरच्या अरुंद जागेत खांद्याला खांदा. मग झाडाखाली चूल मांडायची, गोवऱ्यांच्या आरावर बट्ट्या भाजायच्या, वरण घोटायचं, वांग्याची भाजी करायची. एकाच परातीत चार हात, शेजारच्या चुलीवरून मीठ-मिरचीची देवाणघेवाण, आणि वाढप्याचा तोच हात पंगतीच्या पहिल्या माणसापासून शेवटच्यापर्यंत. आपल्या समाजाची यात सगळ्यात देखणी बाजू दिसते, यात मला शंका नाही. पण श्वासातून पसरणाऱ्या रोगाला याहून सोयीची जागा शोधून सापडणार नाही. धबधबा उघड्यावर असतो, पण सहल उघड्यावर होत नाही.

म्हणून डोंगर बंद करण्याचं पहिलं खरं कारण डोंगराच्या वाटेवरचा प्रवास, ट्रॉली, चहाची टपरी आणि पंगत हे आहे. प्रशासनाने हे असं फोडून सांगितलं असतं तर लोकांना ते सहज कळलं असतं. आदेशांत मात्र ‘पर्यटनस्थळे बंद’ एवढंच असे, पुढे कलमांचे आकडे आणि शिक्षेचा इशारा.

एकदम बंदी घालण्याची वेळ का येते, हे ब्रिटनमधल्या वेल्सने दाखवलं. मार्च २०२० च्या तिसऱ्या आठवड्यात तिथल्या शाळा आणि खानावळी बंद झाल्या होत्या आणि लोकांना मोकळ्या हवेत फिरायची मुभा होती. २१ मार्चचा शनिवार ऊन पडलेला होता. स्नोडोनिया राष्ट्रीय उद्यानात इतकी गर्दी लोटली की उद्यानाच्या प्राधिकरणाने ती आजवरच्या आठवणीतली सर्वांत मोठी गर्दी ठरवली. अरुंद रस्त्यांच्या दोन्ही कडांना मोटारी उभ्या राहिल्या, शिखरावर लोक एकमेकांना चिकटून रांगेत होते. २४ मार्चपासून वेल्सच्या सरकारने नियम काढून गर्दीच्या पायवाटा आणि डोंगर कायद्याने बंद केले. शहरातले सगळे आडोसे बंद करून एक दार उघडं ठेवलं की सगळी माणसं त्याच दाराशी येतात. पुणे जिल्ह्याला २०२० आणि २०२१ च्या पावसाळ्यात हाच अनुभव आला. भुशी धरण, लोणावळ्याचे घाट, मुळशी-मावळातले धबधबे यांवर जमावबंदी घालावी लागली, शनिवार-रविवारी नाक्यांवर पोलीस उभे करून गाड्या परत पाठवाव्या लागल्या. एक जागा अडवली की गर्दी शेजारच्या दरीत सरकायची. एकट्या एका ठिकाणाला बंदी घालून भागत नाही, ती सगळ्या खोऱ्याला एकदमच घालावी लागते, हे अधिकाऱ्यांना तिथे शिकायला मिळालं.

जपानमध्ये २०२० च्या उन्हाळ्यात फुजी पर्वताच्या सगळ्या चढाईवाटा बंद राहिल्या. तिथे तर उघड्या डोंगरावर रोग पसरण्याची भीती हे मुख्य कारण नव्हतंच. चढाईच्या वाटेवरच्या निवाऱ्यांत लोक रात्री एकाला एक लागून झोपतात, आणि उंचीवर कोणाला ताप-धाप लागली तर ती उंचीची की कोरोनाची हे ओळखणं आणि त्याला खाली आणणं, दोन्ही अवघड.

आता दुसऱ्या, माझ्या मते सगळ्यात मोठ्या कारणाकडे येतो. ते म्हणजे पायथ्याचं गाव.

अमेरिकेच्या नैर्ऋत्येला नावाहो या आदिवासी समाजाचा स्वशासित प्रदेश आहे. चित्रपटांतून जगभर पोहोचलेली मॉन्युमेंट व्हॅली त्यांच्या ताब्यात आहे. मार्च २०२० मध्ये त्यांच्या शासनाने आपली सगळी उद्यानं पाहुण्यांना बंद केली. त्या प्रदेशात दवाखाने मोजके, अनेक घरांत नळाचं पाणी नाही, तीन पिढ्या एका छताखाली. इतकी काळजी घेऊनही मे महिन्यात लोकसंख्येच्या प्रमाणात त्यांच्याकडची रुग्णसंख्या न्यूयॉर्क राज्याच्याही पुढे गेली. आजूबाजूची सरकारी उद्यानं हळूहळू उघडत गेली, तरी नावाहोंनी आपली उद्यानं २०२१ च्या उन्हाळ्यापर्यंत बाहेरच्यांसाठी बंद ठेवली. पर्यटनाचं उत्पन्न बुडालं, ते त्यांनी सोसलं. निर्णय त्यांचा होता, म्हणून तो त्यांना सोसता आला.

पालच्या आसपासच्या पाड्यांची परिस्थिती यापेक्षा फार वेगळी नव्हती. पालला ग्रामीण रुग्णालय आहे, पण अतिदक्षतेच्या उपचारांसाठी घाट उतरून रावेर, भुसावळ आणि शेवटी जळगाव गाठावं लागतं. जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय हे एप्रिल २०२० पासून कोरोनाचं मुख्य रुग्णालय होतं. त्याच्यावरचा ताण असा होता की जून २०२० मध्ये तिथून बेपत्ता झालेल्या एका ८२ वर्षांच्या रुग्ण महिलेचा मृतदेह आठ दिवसांनी रुग्णालयाच्याच स्वच्छतागृहात सापडला. सारा महाराष्ट्र हादरला. अधिष्ठात्यांवर कारवाई झाली, जिल्हाधिकारी बदलले. त्या दिवसांत जळगाव हा देशात मृत्युदर सर्वांत जास्त असलेल्या जिल्ह्यांपैकी एक होता. जुलैमध्ये जळगाव, भुसावळ आणि अमळनेर या शहरांत पुन्हा कडक टाळेबंदी करावी लागली. ज्या जिल्ह्याचं मुख्य रुग्णालय शहरातल्याच रुग्णांना पुरं पडत नव्हतं, तिथे रविवारच्या सहलीने रोग घाटापलीकडे पोहोचवला असता तर पाड्यावरच्या आजारी माणसाने कुठे जायचं होतं? डोंगर बंद ठेवण्याचं समर्थन मी एवढ्या एका प्रश्नावर करतो.

सातपुड्याच्या दुसऱ्या टोकाला, नंदुरबारमध्ये, याची तयारी वेळेत झाली. तिथेही तोरणमाळचं पठार पर्यटकांविना होतं. जिल्हाधिकारी होते डॉ. राजेंद्र भारूड, धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातल्या सामोडे गावच्या भिल्ल कुटुंबात वाढलेले आणि शिक्षणाने डॉक्टर. पहिली लाट ओसरत असताना सप्टेंबर २०२० मध्ये त्यांनी मिनिटाला ६०० लीटर प्राणवायू हवेतून तयार करणारा पहिला प्रकल्प जिल्ह्यात उभारला, पुढे त्यात भर घातली. एप्रिल २०२१ मध्ये देशभर लोक सिलिंडरसाठी वणवण करत असताना या दुर्गम जिल्ह्याला मोठ्या प्रमाणात आपल्याच प्राणवायूवर विसंबता आलं. बंदीने वेळ मिळतो, तो कशासाठी वापरायचा हे नंदुरबारने दाखवून दिलं. नाका बंद ठेवला आणि मधल्या महिन्यांत पायथ्याच्या दवाखान्यात काहीच सुधारलं नाही, तर ती बंदी निम्मी वाया गेली असं मी म्हणेन.

अभयारण्यांच्या बाबतीत आणखी एक कारण होतं, आणि ते जगाच्या दुसऱ्या टोकाहून आलं. ५ एप्रिल २०२० ला न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातली नादिया ही वाघीण कोरोनाबाधित असल्याचं जाहीर झालं. दुसऱ्याच दिवशी भारताच्या पर्यावरण मंत्रालयाने राज्यांना कळवलं की राष्ट्रीय उद्यानं, अभयारण्यं आणि व्याघ्र प्रकल्पांत माणसाचा वन्यप्राण्यांशी संपर्क कमीत कमी ठेवा. रावेरच्या शेजारी मुक्ताईनगरच्या डोलारखेडा भागात वाघांचा वावर आहे आणि यावलचं जंगल सातपुड्याच्या त्याच रांगेत पुढे मेळघाटाकडे जातं. त्यामुळे हा इशारा आपल्या जिल्ह्याला परका नव्हता.

तरी त्या महिन्यांत जंगल साऱ्यांनाच बंद नव्हतं, आणि ते तसं असणं योग्यही नव्हतं. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं गळतात, उन्हाळ्यात तेंदूपानं तोडली जातात. पहाटे टोपली घेऊन मोहाखाली जाणाऱ्या बाईचं ते वर्षाचं उत्पन्न असतं, आणि मोह टाळेबंदी उठायची वाट पाहत झाडावर थांबत नाही. २५ मार्चपासून लागू झालेल्या आदेशात या कामाचा विचार नव्हता. १६ एप्रिलला केंद्राच्या गृह मंत्रालयाने आदिवासींना गौण वनोपज गोळा करायला सूट दिली आणि १ मे रोजी आदिवासी कार्य मंत्रालयाने ४९ वनोपजांचे आधारभूत भाव वाढवले. सूट आली हे चांगलं झालं, पण ती आली तोवर मोहाचा बराचसा हंगाम सरला होता. डोंगर बंद करणाऱ्या प्रत्येक आदेशाने पहिल्याच ओळीत दोन माणसं वेगळी केली पाहिजेत: करमणुकीला येणारा आणि पोटासाठी जाणारा.

पोटासाठी येणाऱ्यांत आणखी एक वर्ग आहे, आणि त्याच्यासाठी कोणतीच सूट उपयोगाची नव्हती. कणीस भाजणारी, सीताफळं विकणारा, नारळाच्या दुकानातला पोरगा, जीपवाला. गिऱ्हाईकच नसेल तर दुकान उघडून काय करणार? माथेरानचं उदाहरण यात सगळ्यात बोलकं आहे, कारण त्या गावात मोटारी नाहीत, शेती नाही, कारखाना नाही. घोडेवाले, हातरिक्षा ओढणारे, हमाल, लॉजवाले, सारे तेव्हा पाहुण्यांवर जगत. मार्चपासून बंद असलेलं माथेरान २ सप्टेंबर २०२० ला पर्यटकांसाठी उघडलं, अमन लॉज स्थानकापासून वर जाणारी छोटी रेल्वेगाडी नोव्हेंबरमध्ये पुन्हा सुरू झाली. मधले पाच महिने आणि ऐन उन्हाळ्याचा हंगाम गेला. घोड्याला चारा मात्र रोज लागतो. अशा गावांना टाळेबंदीच्या काळात मिळालं ते मुख्यतः रेशनचं धान्य आणि सेवाभावी मंडळींची मदत. बुडालेल्या हंगामाची भरपाई अशी काही ठरलेली व्यवस्था नव्हती, आजही नाही. शेतकऱ्याचं पीक गारपिटीने गेलं तर पंचनामा होतो. सरकारी आदेशाने ज्याचा हंगाम गेला त्याचाही पंचनामा व्हायला हवा, ही मागणी मला पूर्ण न्याय्य वाटते.

डोंगर बंद करताना नाका कुठे लावायचा हाही प्रश्न असतो. याचं उत्तर खान्देशाला सप्तशृंग गडाने दिलं. नाशिक जिल्ह्यातल्या कळवण तालुक्यातला हा गड साडेचार हजार फुटांहून उंच आहे, पण चैत्रात तो जणू खान्देशाचाच होतो. खान्देश हे देवीचं माहेर मानलं जातं. रामनवमीपासून चैत्र पौर्णिमेपर्यंतच्या उत्सवाला जळगाव-धुळ्याच्या गावागावांतून माणसं ध्वज खांद्यावर घेऊन, कित्येक अनवाणी, धुळे-मालेगावच्या वाटेने दिवस-रात्र चालत जातात. वाटेवरची गावं मंडप घालून त्यांना पाणी, जेवण, पायाला तेल देतात. २०२० मध्ये हा उत्सव २ एप्रिलला सुरू व्हायचा होता. आता कल्पना करा, लाखभर माणसं चालत नांदुरीच्या पायथ्याला पोहोचली आणि तिथे अडसर दिसला तर? गड बंद राहील, पण पायथ्याशी साथ उसळेल. टाळेबंदीमुळे माणसं निघालीच नाहीत, देवीच्या नित्यपूजा मोजक्या पुजाऱ्यांनी केल्या. २०२१ च्या एप्रिलमध्येही तेच झालं. गडावरची बंदी खऱ्या अर्थाने अमळनेर-पारोळ्याच्या घराघरांत पाळली गेली. सहलीच्या डोंगराचंही तसंच आहे. बंदीची खबर खिरोद्याच्या घाटात पोलिसाने द्यायची नसते, ती शनिवारीच भुसावळच्या माणसाला घरी मिळाली पाहिजे.

उघडण्याचा क्रम मात्र राज्यात विस्कळीत झाला. २ सप्टेंबर २०२० पासून जिल्ह्याबाहेर जायला ई-पास लागेनासा झाला, राहण्याची हॉटेलं पूर्ण क्षमतेने उघडली, ५ ऑक्टोबरपासून उपाहारगृहं आणि मद्यालयं निम्म्या क्षमतेने सुरू झाली. मंदिरं उघडली १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला. मनुदेवीच्या भक्तांचं नवरात्र त्या आधीच कोरडं गेलं होतं. बंदिस्त उपाहारगृह चालतं आणि कड्याखालचं उघडं पटांगण चालत नाही, हे लोकांना पटवणं अशक्यच होतं. रोग कशाने पसरतो याच्या क्रमाने दारं उघडली असती तर आधी जंगलवाटा, मग ओढे-धबधबे, मग दर्शनरांगा, आणि सगळ्यात शेवटी पंगत आणि बंदिस्त खोल्या, असा क्रम लागला असता. पुढे मार्च २०२१ मध्ये जळगावला ११ ते १५ तारखेपर्यंत जनता कर्फ्यू लागला, एप्रिलमध्ये राज्यभर सारं पुन्हा बंद झालं आणि मंदिरं उघडायला ७ ऑक्टोबर २०२१ ची घटस्थापना उजाडली. दुसऱ्या खेपेला लोकांनी ते निमूट सोसलं, कारण तोवर प्रत्येक गल्लीतलं कोणी ना कोणी गेलेलं होतं.

या सगळ्यात एक आवाज कुठेच नोंदला गेला नाही. टाळेबंदीच्या पहिल्या आठवड्यांत महाराष्ट्रातल्या असंख्य गावांनी आपणहून वेशीवर काट्या टाकल्या, बैलगाड्या आडव्या लावल्या. ते काही ठिकाणी टोकाला गेलं, माणसं उपाशी अडकली, हे खरं. पण त्यातून एवढं कळतं की गावाला आपला धोका समजत होता. रावेर तालुक्यातली सातपुड्यातली काही गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. १९९६ चा पेसा कायदा आणि २०१४ चे राज्याचे नियम यांनी तिथल्या ग्रामसभेला आपल्या साधनसंपत्तीबद्दल निर्णयाचा अधिकार दिला आहे. पाहुण्यांसाठी घाट कधी बंद करायचा, मोह-तेंदूसाठी कोणाला जाऊ द्यायचं, धरणाचा सांडवा कधी खुला करायचा, हे जिल्हाधिकाऱ्यांनी आदेश काढण्याआधी ग्रामसभेला विचारता आलं असतं. नावाहोंना जे करता आलं, ते पालच्या माणसांना करता येणार नाही असं मानण्याचं कारण नाही.

आपत्ती व्यवस्थापन कायद्याप्रमाणे प्रत्येक जिल्ह्याचा आपत्ती आराखडा दरवर्षी तपासून नव्याने तयार करायचा असतो. जळगावच्या आराखड्यात पाल, गारबर्डी, मनुदेवी आणि पाटणादेवी या डोंगरातल्या ठिकाणांसाठी स्वतंत्र पान असावं. साथ आल्यास कोणती वाट कोणत्या टप्प्यावर बंद होईल, नाका कुठे लागेल, वनोपजाला सूट कशी मिळेल, ज्यांचा हंगाम बुडेल त्यांची नोंद कोण करेल आणि पुन्हा उघडण्याचा क्रम काय असेल, हे त्यावर लिहिलेलं असावं, आणि ते लिहिताना ग्रामसभांना बोलवावं. हे पान साथ नसलेल्या वर्षीच तयार करायला हवं.